राजव्वापुढं न वाचलेल्या चार ओळी

ये, अशी जवळ सरक — पत्रातच का होईना. उंबऱ्यावर उभं राहून बोलायची ही कुठली तऱ्हा गं तुझी? दिवाळीत आलीस तीही अशीच — चपला काढायच्या आत घड्याळ बघितलंस, अर्धा कप चहा प्यालीस, अर्धा टाकलास, मला चार प्रश्न विचारलेस, उत्तरं उतरवून घेतलीस आणि निघालीस. शेंगांची चटणी बांधून ठेवली होती, तीही विसरलीस. म्हातारीला बोलतं करायचं तर आधी बूड टेकायला लागतं, बाई. वर्तमानपत्रात नोकरी लागली म्हणून काय झालं? तुझी आजी माझी सख्खी बहीण होती, एवढा तरी मान ठेव की.

रागावले नाही गं. खरं सांगू? तू घाईनं गेलीस ते मला बरंच वाटलं होतं. कारण तू विचारलं होतंस — आजी, तुमच्या काळात बाईनं वर्तमानपत्रात लिहायचं म्हणजे किती अडचणी, त्यातून तुम्ही कशा पार झालात? आणि मी म्हणाले, खूप वाचलं, लिहून लिहून फाडलं, हट्ट सोडला नाही. तू मान हलवलीस. हेच उत्तर मी आयुष्यभर देत आलेय. सत्काराला दिलं, शाळेतल्या पोरींना दिलं. आता ते तोंडातून आपोआप बाहेर पडतं, माझं लक्षसुद्धा लागत नाही.

ते खोटं नाही. पण खरंही नाही. खरं काय ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आमच्या ह्यांना नाही, तुझ्या आजीला नाही. देवापुढं हात जोडले तेव्हासुद्धा तेवढं सोडून बाकीचं बोलले. आता ज्यांच्यापुढं मान खाली गेली असती ती सगळी माणसं गेली. मग आता सांगण्यात धाडस कसलं? कसलंच नाही. तेही माझ्या खात्यावर धर.

कुठून सुरू करू? माहेर माझं अक्कलकोटच्या पलीकडचं खेडं. घरात कानडी, शाळा कानडी, तीही दुसरीपर्यंतच. लग्न होऊन सोलापुरात शुक्रवार पेठेत आले. सासरी सुताचा व्यापार. म्हणजे सुताचे गठ्ठे बाहेरून यायचे, मामंजी — माझे सासरे — ते विणकरांना तोलून द्यायचे, विणकर लुगडी विणून आणायचे, ती परत तोलून घ्यायची आणि मजुरी द्यायची. पुढं दुकान, मागं घर. घरात बाई म्हणजे मी एकटी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आमचे हे लुगडी घेऊन बार्शीच्या बाजाराला जायचे, तिथून आणखी पुढं. घरात कमी, गाडीत जास्त. मूलबाळ झालं नाही. दिवसभर पुढून पुरुषांचे आवाज यायचे, तराजूच्या साखळ्या वाजायच्या, आणि मागं मी, चूल आणि आड. कधी कधी आडात वाकून मी माझंच नाव मोठ्यानं घ्यायची. हसू नकोस. कुणीतरी हाक मारलेली ऐकावीशी वाटायची, इतकंच.

मराठी अक्षर मला कुणी शिकवलं नाही. सुताच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या असायच्या, आणि मामंजींकडं गावातलं एक साप्ताहिक यायचं. दुकानात वाचून झालं की ते आत यायचं, चुलीत जायच्या आधी माझ्या हातात. कानडी अक्षरांच्या आधारानं एकेक मराठी अक्षर चाचपडत गेले. वर्ष गेलं असेल. मग एकदा वाचता वाचताच ध्यानात आलं, अगं, मी वाचतेय की! त्या साप्ताहिकात मिरवणुकांच्या, सभांच्या बातम्यांखाली एका कोपऱ्यात मजकूर असायचा, खाली सही — 'एक भगिनी'. नाव नाही, पत्ता नाही. पण कुठली तरी बाई एवढ्या गावाशी बोलत होती आणि गाव ऐकत होतं. मला ते पाहिजे होतं. दागिना पाहिजे असतो तसं नाही. घसा कोरडा पडला की पाणी पाहिजे असतं, तसं.

सोमवारी सिद्धेश्वराला जायची मला मुभा होती. छापखाना त्याच वाटेवर. संपादकांना सगळे मास्तर म्हणत, आधी ते शाळेत शिकवायचे. छापखान्याच्या मागं त्यांचं बिऱ्हाड होतं. त्यांच्या बायकोच्या हातात कागद द्यायचा, पुढच्या सोमवारी परत घ्यायचा. परत! कारण परतच यायचा. मी काय लिहायची? 'स्त्री आणि सदाचार'. 'आदर्श गृहिणीची कर्तव्ये'. प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या अंकातून उचललेलं, नुसतं धुऊन वाळत घातलेलं. आणि मराठी तरी कुठं माझी होती? तो पाऊस की ती पाऊस, इथपासून अडायचं. मास्तर निळ्या पेन्सिलीनं शेरा मारायचे. एकदा लिहिलं — हे कुणीतरी आधीच लिहिले आहे. एकदा लिहिलं — बाई, यात तुम्ही कुठे आहात?

मी कुठं होते? आडापाशी होते. त्यात लिहिण्यासारखं काय होतं, तूच सांग.

आता राजव्वाचं सांगते. लिहायला लागते आणि हात थांबतो, बघ.

राजव्वा भवानी पेठेतली, तेलुगू विणकराची बायको. तयार लुगडी घेऊन नवरा-बायको यायची. नवरा पुढं दुकानात पाळी येईपर्यंत बसायचा आणि ही मागच्या दाराला येऊन पाणी मागायची. पाणी निमित्ताला. पितळी तांब्या हातात घेऊन जे बोलत सुटायची! तिची भाषा तेलुगू, माझी कानडी, मध्ये मराठी — दोघींनीही दुसऱ्याच्या घरून मागून आणलेली. मला अक्का म्हणायची. तो शब्द तेवढा दोघींच्याही माहेरचा होता.

तिचा नवरा मुलखाचा अबोल. ती म्हणायची, "आमचा माणूस मागावर बसला की देव, उठला की म्हस. बोलतंय कुठं? शिंकला तर मी म्हणते, चला, आवाज तरी ऐकला आज!" आणि स्वतःच खो खो हसायची. मी पिठाचे हात तसेच धरून ऐकत राहायची. ती गेली की घर दुप्पट रिकामं वाटायचं.

एकदा तिनं पांजणीचं सांगितलं. मागावर चढवायच्या आधी सगळे उभे धागे गल्लीभर ताणून त्यांना कुंच्यानं खळ लावायची, ती पांजणी. ऊन चढायच्या आत उरकायला लागते, नाहीतर खळ गोळे होऊन बसते. एका घराच्यानं होत नाही, सगळी गल्ली लागते. आज तुझी, उद्या माझी. "हाक मारायची न्हाय अक्का," ती म्हणाली. "दार उघडलं की माणसं उभीच. कुणी काठी धरतंय, कुणी कुंचा. भांडण असलं तरी येतंय. धरताना तोंड फिरवून धरतंय, पण येतंय की!"

ती गेली आणि मी सुताच्या गठ्ठ्याचा कागद फाडून घेतला. ती बोलली तसं उतरवलं. सुधारलं नाही, सजवलं नाही. भीतीच वाटत होती, हे काय लिहिणं झालं? सोमवारी दिलं. पुढच्या सोमवारी कागद परत आला नाही. मास्तरांच्या बायकोनं एक चिठ्ठी दिली, निळ्या पेन्सिलीत दोन शब्द — आता सापडलात.

खाली सही होती 'एक गृहिणी'. मामंजींनी ते दुकानात मोठ्यानं वाचलं. मी दाराआड उभी. वाचून झाल्यावर म्हणाले, "कोण बाई हाय की, पण लिहिती लई झ्याक." कुणीतरी म्हणालं, बाई कसली, मास्तरच लिहीत असतील बाईच्या नावानं. मामंजी म्हणाले, "मास्तराला एवढं आलं असतं तर शाळा कशाला सोडली असती?" सगळे हसले. त्या दिवशी मी आडात वाकले नाही.

मग दुसरा लेख, मग तिसरा. सगळं बोलणं राजव्वाचं. नावं बदलायची मी, पण वाक्याला जो झटका असायचा तो तिचा. तिला सांगितलं? नाही. विचारलं? नाही. विचारायचं काय त्यात, मी मनाशी म्हणायची, ती तरी कुठं वाचणार आहे.

मास्तरांनी निरोप पाठवला — दर पंधरवड्याला तुमच्यासाठी जागा राखून ठेवतो. जागा! आख्ख्या गावात माझी म्हणून एक जागा, वीतभर का असेना. आणि तो निरोप आला आणि माझं लिहिणं आटलं. कागद घेऊन बसायची, उठायची. राजव्वा बरेच दिवस आली नव्हती. आपलं म्हणून लिहावं तर परत सदाचार आणि कर्तव्यं. एक पंधरवडा जागा रिकामी गेली. मास्तरांनी तिथं केसांच्या तेलाची जाहिरात टाकली. ती जाहिरात मी किती वेळा बघितली असेल!

मग राजव्वा आली. खुशीत होती. लेक पहिलटकरीण, बाळंतपणाला घरी आणायची होती. पाणीसुद्धा न मागता बसली आणि म्हणाली, आता आमच्या घरी लेकराचं सूत येणार. मी म्हटलं, ते काय गं? तर तिनं आधी दुकानाच्या दाराकडं बघितलं, मग तोंडावर पदर धरून सांगितलं. खळ थोडी घट्ट लावली की लुगड्याचं वजन भरतं, आणि सुताच्या दोन-चार लड्या घरात मागं उरतात. त्या कुणी विकत नाही. कोनाड्यात पडून असतात. गल्लीत कुणाच्या घरी पहिलं लेकरू यायचं झालं की घराघरातलं ते सूत एका मागावर जमतं, आणि त्याचं बाळाला अंगाखाली घालायचं कापड विणतात. सांगून झाल्यावर माझा हात धरून म्हणाली, "मामंजींना सांगू नका हं, अक्का." मी म्हटलं, वेडी की काय.

मामंजींना सांगितलं नाही मी. गावाला सांगितलं.

लिहिलेलं मला आजही पाठ आहे — खळ जराशी घट्ट लागली की तराजू खूश होतो. मागे उरलेल्या लड्या घरोघरच्या कोनाड्यांत वाट पाहतात. पहिले लेकरू आले की त्या साऱ्या एका मागावर भेटतात. त्या लेकराच्या अंगाखालचे कापड कुणा व्यापाऱ्याचे नसते, अख्ख्या गल्लीचे असते. अशा चार ओळी.

पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावलं, की मला कुठं कळत होतं, भोळी होते, कौतुकानं लिहिलं. भोळी? सुताच्या व्यापाऱ्याची सून मी. वजन म्हणजे काय ते मला कळत नव्हतं? छापखान्याच्या वाटेवर मी थांबले होते गं. कागद काढून, त्या चार ओळी वगळून, उरलेलं मनात वाचून बघितलं होतं. उरत होतं ते बरं होतं. कुणीही लिहिलं असतं इतपत बरं. निळी पेन्सिल दिसली, तेलाची जाहिरात दिसली, आणि चार ओळी मी तशाच ठेवल्या.

तुला वाटलं असेल, हीच ती गोष्ट. नाही. अजून आहे.

अंक आला. मामंजी दुकानात वाचत होते, नेहमीसारखे मोठ्यानं, हात नाचवत. मधेच आवाज थांबला. दाराआड मी. मला वाटलं चष्मा पुसत असतील. मग त्यांनी उरलेलं मनातच वाचलं. ओरडले नाहीत, काही नाही. नुसतं "हं" म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून नवा नियम — प्रत्येक विणकराच्या गठ्ठ्यातलं एक लुगडं काढायचं, खळ धुऊन टाकायची, वाळवायचं, मग तोलायचं. कमी भरलं तर मजुरीतून कापायचं. हळूहळू बाकीचे व्यापारीही तेच करू लागले.

धुवायचं कुणी? घरात बाई मी एकटी. आडापाशी बसून मी लुगड्यांतली खळ आपटून आपटून काढायची. पांढरं पाणी मोरीतून वाहत जायचं. दोरीवर ओळीनं ती लुगडी, आणि पुढं दुकानात विणकरांचा एक शब्द नाही. तराजूचा तेवढा आवाज.

गल्लीनं विचार केला असणार, बाहेर बोललं कोण? व्यापाऱ्याच्या मागच्या दारात कोण बसतं? पहिल्या बाळंतपणाची तयारी कुणाच्या घरात चाललीय?

राजव्वा आली ती दुपारची. पदरात अंक बांधून आणला होता, कुणाकडून तरी मागून. पाणी मागितलं नाही. गाठ सोडली आणि माझ्यापुढं धरला.

"अक्का, गल्लीत म्हणतात मी बोलली म्हणून पेपरात आलं. यात आमच्या सुताचं हाय काय, वाचा की. तुमच्याबिगर मला कोण वाचून दाखवणार?"

माझंच लिहिलेलं माझ्या हातात. ओळीखाली बोट धरून मी वाचायला लागले. गल्ली आली, लेक माहेरी यायची आली, आईची लगबग आली. राजव्वाच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलं नाही, कागदातच बघत होते. आणि त्या चार ओळी आल्या.

मी त्या गाळल्या.

अडखळले नाही. थांबले नाही. त्यांच्या जागी दुसरं एक वाक्य तिथल्या तिथं रचलं — शेजारणी येतात, पोटभर आशीर्वाद देतात — असलं काहीतरी, आणि पुढच्या मजकुराशी जोडून दिलं. छान जोडलं. सांधा कुठं दिसला नाही. लिहायला शिकले होते ना मी!

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

"सुताचं न्हाय?"

"नाही गं."

"लिहिलंय कुणी?"

आणि मी म्हणाले — ऐक, हे मी म्हणाले — "कुणी शिकलेली बाई असेल. मला कुठं असलं लिहिता येतंय?"

ज्यासाठी वर्षानुवर्षं जीव टाकला ते एका वाक्यात मी नाही म्हणून टाकलं, आणि त्याचं मला तेव्हा वाईटसुद्धा वाटलं नाही. सुटले असं वाटलं. राजव्वानं अंक घडी घालून पदरात बांधला. मग पाणी मागितलं, प्याली, आणि गेली.

तिनं गल्लीत जाऊन सांगितलं, वाचून घेतलं मी, त्यात सुताचं काही न्हाय. पुढं त्यांच्याच जातपंचायतीतल्या कुणा शिकलेल्यानं अंक उघडून सगळ्यांसमोर त्या चार ओळी वाचल्या. आता ती दोनदा खोटी ठरली. आधी घरचं बाहेर सांगणारी, आणि वर तोंडावर थाप मारणारी. हे सगळं मला दुकानातल्या बोलण्यातून कळलं, दाराआडून, जसं कौतुक कळलं होतं तसंच.

पुढच्या सोमवारी देवळाला जायचं म्हणून मी सकाळीच निघाले, आणि वाट वाकडी करून भवानी पेठेतून गेले. कशाला गेले? मदत करायला? त्यांची पांजणी होती त्या दिवशी. गल्लीभर ताणलेले धागे. एका टोकाला नवरा, दोन्ही हातांनी काठी ओढून धरलेला. दुसरं टोक खांबाला बांधलेलं. आणि मध्ये राजव्वा एकटी, कुंचा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती. पोटुशी लेक सारखी उठून यायची आणि आई तिच्यावर ओरडून तिला बसवायची. ऊन चढलं होतं. खळीचे गोळे व्हायला लागले होते, धागे तट् तट् तुटत होते, आणि ती तुटलेले जोडायला वाकली की दुसरीकडं वाळत होतं. दारादारांतून माणसं उभी होती. हात बांधून. तोंड फिरवूनसुद्धा कुणी आलं नाही.

मला हात नव्हते? काठी धरायला कसली विद्या लागते? आणि बोलायचं तरी किती होतं — हिनं नाही सांगितलं, मी हिच्याकडून घेतलं आणि छापलं. एक वाक्य. माझ्या वाक्यांचं गाव कौतुक करत होतं.

मी पदर पुढं ओढला आणि निघून गेले.

भीती कुणाची होती? मामंजींची म्हणशील. ते रागावले असते, चार दिवस बोलले नसते, सोमवारचं जाणं बंद झालं असतं. घराबाहेर काढलं नसतं मला, तसला माणूस नव्हता तो. सोमवार बंद म्हणजे छापखाना बंद. ती वीतभर जागा गेली असती. बस, एवढंच होतं पलीकडच्या पारड्यात. आणि आणखी ऐक. त्या सकाळी माझ्या चोळीत नवा लेख होता. भवानी पेठेतून निघाले ती तशीच छापखान्यात गेले आणि तो देऊन आले. तो एकट्या बाईच्या दिवसाबद्दल होता. मास्तर म्हणाले, आजवरचा सगळ्यात चांगला.

त्या लेकीचं बाळंतपण झालं. बाळाच्या अंगाखाली आईचं जुनं लुगडं होतं. पुढं वर्षभरात त्यांनी माग विकला. नवरा गिरणीत लागला, राजव्वा बिड्या वळायला बसली. आमच्या मागच्या दाराला ती त्या दुपारनंतर कधी आली नाही. आणि मी लिहीत राहिले. पुढं 'एक गृहिणी' गेलं, माझं नाव आलं. लोक म्हणायचे, बाई बोलल्यासारखं लिहितात. कोण बोलल्यासारखं, ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

बऱ्याच वर्षांनी ती मला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत भेटली, बांगड्यांच्या दुकानांत. बोटं तंबाखूनं काळवंडलेली. आवाज तोच. "अक्का, बऱ्या हाय का?" मी सुरुवात केली, "राजव्वा, त्या वेळी मी वाचताना —"

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. जत्रेतल्या गोंगाटात, सहज. "तवाच कळलं. तुमचं बोट खाली चार ओळी गेलं, तोंड न्हाय गेलं. मला अक्षर येत न्हाय. ओळ तर दिसते."

तिला माहीत होतं? मग गल्लीत जाऊन तसं का सांगितलं? हे मी विचारलंसुद्धा नसेल, माझ्या तोंडाकडं बघूनच ती बोलली असेल.

"मी म्हटलं, घाबरली असेल. घरची सून हाय, मागं सासरा बसलाय. येईल उद्या, न्हाय तर परवा. तोवर तुमचाच शब्द धरला मी. गल्लीला काय सांगितलं, तुमाला ठावं हाय? यात सुताचं न्हाय, अक्का स्वतः येणार हाय, तुमच्यापुढं वाचणार हाय. ते हसले. मी म्हटलं, हसा, ती येती." मग म्हणाली, "त्या पांजणीला तुमी आलता की. मला दिसलं. मी नवऱ्याला म्हटलं, आली बघ."

एवढं बोलून ती बांगड्या बघायला वळली. रागानं नाही. तिचं बोलणं संपलं होतं. हिरव्या घ्याव्या की लाल, ते दुकानदाराशी बोलायला लागली, भावावरून त्याला चार टोमणे मारले, तो हसला. मी मागं उभी होते. थोड्या वेळानं मी घरी आले.

तेव्हा तर मामंजीही नव्हते. मी जे लिहीन ते छापत होते. कुणाची भीती होती? त्या आठवड्यात मी गड्ड्यावर लेख लिहिला. पाळणे, रेवड्या, बांगडीवाला आणि त्याच्याशी घासाघीस करणारी एक बाई. लोकांना फार आवडला.

राजव्वा आहे की गेली, मला ठाऊक नाही. शोधायचं मनात आलं होतं. शोधलं नाही. ह्यात कुठंही, माझं वय लहान होतं, काळ तसा होता, बाईमाणूस काय करणार, असं काही मी घातलेलं नाही. घालता आलं असतं, मला येतं ते. यातलं काही तू पुसून टाक असं म्हणत नाही, आणि ठेव असंही म्हणत नाही.

हुरड्याचे दिवस आहेत. दुपारची उन्हं अजून कोवळी आहेत. तेवढ्यात एकदा येऊन जा. हे वाचून माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस. तरी ये.